रस्ता ओलांडेपर्यंतची आठवण

मुलुंड पश्चिमेला पाच रस्ता नावाचा चौक आहे. नावाप्रमाणेच तिथे पाच बाजूंनी रस्ते येऊन मिळतात. तिथे रस्ता ओलांडायला उभे राहिलात तर आपण नेमकं काय करतो, ते जरा आठवून बघा. आधी उजवीकडे बघतो. लांबवर बेस्टची बस आहे, तिच्या अलीकडे कडेकडेने येणारी एक रिक्षा आहे. मग मान डावीकडे वळवतो. तिकडून एक मोटारसायकल येते आहे. ज्या क्षणी आपण डावीकडे बघतो, त्या क्षणी उजवीकडची बस आणि रिक्षा नजरेआड झालेली असतात. तरीही त्या साधारण कुठे आहेत हे आपल्याला ठाऊक असतं, आणि तेवढ्या भरवशावर आपण पाऊल पुढे टाकतो. पलीकडच्या फुटपाथवर पोचलो की बस, रिक्षा, मोटारसायकल, सगळं पुसलं जातं. संध्याकाळी घरी कुणी विचारलं, की सकाळी रस्ता ओलांडताना बस किती लांब होती, तर सांगता यायचं नाही.

अशा आठवणीचं आयुष्य चार-सहा सेकंदांचं. आपण तिला आठवण म्हणतही नाही. आठवण म्हटलं की शाळा, गाव, आजी असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण या चार-सहा सेकंदांच्या आठवणीवाचून दिवसातलं एकही काम तडीला जाणार नाही. शास्त्रज्ञ तिला वर्किंग मेमरी म्हणतात. मराठीत 'कार्यकारी स्मृती' वगैरे शब्द आहेत, पण ते ऐकून कुणीतरी कार्यकारी मंडळाची बैठक बोलावली आहे असं वाटतं. आपण तिला सरळ 'कामापुरती स्मृती' म्हणू. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली असं मांडलं, की या स्मृतीत शब्दांची सोय वेगळी आणि दिसणाऱ्या गोष्टींची, जागांची सोय वेगळी असते. फोन नंबर फिरवेपर्यंत आपण तो पुटपुटत ठेवतो, ती झाली शब्दांची सोय. बस कुठे आणि रिक्षा कुठे हे ठेवायला एक पाटी असते. आज बोलायचं आहे ते या जागांच्या पाटीविषयी. ती भरते, गच्च होते, वयाबरोबर पुसट होऊ लागते, तेव्हा मेंदूत काय घडतं हे आता बऱ्यापैकी दिसू लागलं आहे. आणि या दिसण्याचा संबंध घराघरातल्या एका भीतीशी आहे. आई किंवा बाबा हल्ली गोंधळतात. हे वयाचं आहे, की कसल्या आजाराची सुरुवात आहे?

आधी आपली पाटी केवढी आहे ते पाहू. हा प्रयोग मी श्रोत्यांना करायला सांगितला होता, वाचकांनीही करून पाहावा. एका ताटात नऊ काडेपेट्या वेड्यावाकड्या पसरून ठेवा. समोरच्या माणसाने त्यांतल्या दोन पेट्यांवर एकामागून एक बोट टेकवायचं, सेकंदाला एक या गतीने. तुम्ही त्याच क्रमाने त्याच पेट्यांना बोट लावायचं. जमलं की तीन पेट्या, मग चार, मग पाच. फिलिप कॉर्सी या संशोधकाने कॅनडात मॉन्ट्रियलला ब्रेंडा मिलनर यांच्या हाताखाली काम करताना ही चाचणी तयार केली. त्याचा प्रबंध १९७२ सालचा. त्याने लाकडी ठोकळे वापरले होते. आजही जगभरचे मानसतज्ज्ञ ही चाचणी वापरतात. धडधाकट प्रौढ माणूस साधारण पाच ते सहा पेट्यांपर्यंत जातो. पुढे गाडी अडते. नातवंडं आजोबांना हरवतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

आता, बोट उचलल्यानंतर आणि आपली पाळी येण्याआधी, त्या मधल्या क्षणी पेटीची जागा मेंदूत कुठे असते? डोळ्यांपुढे खूण नाही, हात अजून हललेला नाही. तरी माहिती कुठेतरी धरून ठेवलेली असलीच पाहिजे. या प्रश्नाचा फार सुरेख माग अमेरिकेत येल विद्यापीठात लागला. शिंतारो फुनाहाशी, चार्ल्स ब्रूस आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग माकडांवरचा आहे. माकडाने पडद्याच्या मध्यभागी नजर रोखून धरायची. भोवतालच्या आठ जागांपैकी एका जागी क्षणभर ठिपका चमकतो आणि विझतो. माकडाने लगेच तिकडे बघायचं नाही. काही सेकंद थांबायचं. मधली खूण नाहीशी झाली, की मग रिकाम्या पडद्यावर ठिपका जिथे होता तिथे नजर न्यायची. या काळात मेंदूच्या पुढच्या भागातल्या, म्हणजे कपाळामागच्या भागातल्या एकेका पेशीची विजेची टिकटिक नोंदवली जात होती.

त्या थांबण्याच्या काळात काही पेशी सतत टिकटिकत राहिल्या. प्रत्येकीची आवडती दिशा ठरलेली होती. एखादी पेशी ठिपका वर उजवीकडे असला तरच जोरात चालायची, दुसरी खाली डावीकडे असला तर. म्हणजे ठिपका विझल्यावर पडद्यावर काहीच उरलं नव्हतं, पण त्याची जागा त्या टिकटिकीत उरली होती. मध्येच टिकटिक मंदावली, तर त्या खेपेला माकडाची नजर बहुधा चुकीच्या जागी जायची. आठवण निसटताना दिसत होती, असं म्हटलं तरी चालेल.

एक पेशी एवढा वेळ कशी चालू राहते? लोकलमधलं भजनी मंडळ ज्यांनी ऐकलं आहे त्यांना हे चटकन समजेल. बोरिवलीहून सुटणाऱ्या गाडीत एकजण ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात, त्यांचं संपतं तोवर पहिला पुन्हा तयार असतो. एकट्याचा दम कितीसा पुरणार? ओळ चालू राहते ती एकमेकांच्या आधाराने. एकाच दिशेच्या पेशी अशाच एकमेकींना जाग्या ठेवतात, आणि विरुद्ध दिशेच्या पेशींना गप्प बसवतात, म्हणजे दोन ओळी एकमेकींत मिसळत नाहीत. ही तुलना फार ताणू नये. गेल्या काही वर्षांत या चित्रावर शंकाही घेतल्या गेल्या आहेत. एमआयटीतल्या अर्ल मिलर यांच्या गटाने २०१६ साली दाखवलं, की ही टिकटिक अखंड नसून थोडी थांबत, पुन्हा उसळत चालते. आणि मधल्या शांततेत आठवण पेशींच्या जोडणीतच तात्पुरती ठसून राहते, असंही गणित करून मांडलं गेलं आहे. वाद अजून मिटलेला नाही. पण पुढचा भाग ढिला पडला की जागांची पाटी ढिली पडते, यावर फारसं दुमत नाही.

माणसाच्या मेंदूत अशी तार सहसा घालून बघता येत नाही. बाहेरूनच डोकवावं लागतं. १९९३ साली जॉन जोनिडीस आणि एडवर्ड स्मिथ यांच्या गटाने तीन ठिपक्यांच्या जागा लक्षात ठेवणाऱ्या माणसांच्या मेंदूची चित्रं काढली. उजव्या अर्ध्या मेंदूतले पुढचे आणि मागचे काही भाग त्या वेळी जास्त रक्त ओढून घेताना दिसले. पुढे एमआरआयने हेच अधिक सोपं झालं. अशी चित्रं बघताना एक मात्र ध्यानात ठेवावं. रात्री समोरच्या इमारतीकडे पाहावं तसं हे आहे. कुठल्या खोलीत दिवा लागला ते कळतं, आत काय बोलणं चाललं आहे ते कळत नाही. वर्तमानपत्रात मेंदूचा रंगीत फोटो छापून 'विचार पकडला' असा मथळा येतो, तेव्हा हा फरक हटकून गाळलेला असतो.

दिवे किती आणि केव्हा लागतात, यातून मात्र पाटीचं माप मिळालं. एप्रिल २००४ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात एकाच अंकात दोन निबंध आले. एकात एडवर्ड व्होगेल आणि मारो माचिझावा यांनी डोक्याला विजेचे स्पर्शक लावून मोजमाप केलं होतं, दुसऱ्यात जे. जे. टॉड आणि रेने मारवा यांनी एमआरआय वापरला होता. पडद्यावर रंगीत आकार क्षणभर दाखवायचे, लपवायचे, आणि सेकंदभराने पुन्हा दाखवून काही बदललं का, असं विचारायचं. एक वस्तू ठेवायची असली की विजेचा संकेत लहान, दोन असल्या की मोठा, तीन असल्या की आणखी मोठा. तीन-चारच्या पुढे कितीही वस्तू दाखवल्या तरी संकेत वाढत नाही. तिथे तो सपाट होतो. पाटी भरली. एमआरआयमध्येही डोक्याच्या मागच्या वरच्या भागात हेच दिसलं. आणि ज्या माणसाचा संकेत लवकर सपाट होतो, त्याच्या चुकाही लवकर सुरू होतात. त्या माणसाला एक शब्दही न विचारता, नुसत्या विजेच्या रेषेवरून त्याची पाटी केवढी हे अंदाजाने सांगता येऊ लागलं.

तीन-चार! मग काडेपेट्या पाच-सहा कशा जमल्या? कारण आपण लबाडी करतो. तीन पेट्यांचा मिळून एक त्रिकोण करतो, दोन पेट्यांची एक रेघ करतो, आणि सुट्या पेट्यांऐवजी आकार लक्षात ठेवतो. पाच रस्त्यावर पाच बाजूंची वाहनं एकदम पाटीवर मावत नाहीत, म्हणूनच तिथे आपण आपोआप दुसऱ्या माणसांच्या घोळक्यात उभे राहतो आणि घोळका निघाला की निघतो. हीसुद्धा एक लबाडीच.

व्होगेल यांनी पुढच्याच वर्षी केलेला प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो. त्यांनी सांगितलं, तांबड्या पट्ट्या लक्षात ठेवा, निळ्या सोडून द्या. मग दोन तांबड्या आणि दोन निळ्या दाखवल्या. ज्यांची पाटी मोठी होती, त्यांचा संकेत दोनच वस्तू ठेवल्यासारखा होता. ज्यांची पाटी लहान होती, त्यांचा संकेत चार वस्तूंएवढा! म्हणजे या दुसऱ्या मंडळींच्या पाटीवर जागा कमी होती एवढंच नव्हे, तर नको ती पाहुणेमंडळीही पाटीवर येऊन बसली होती. दारावर राखण कमी होती. अंधेरी स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता मेट्रोकडे जाणारा जिना शोधायचा असतो, तेव्हा आपली हीच परीक्षा होते. उद्घोषणा, जाहिरातींचे पडदे, समोरून येणारा लोंढा, खिशात थरथरणारा फोन. जिना कुठे हे ठाऊक असतं, पण ठाऊक असलेलं पाटीवर टिकत नाही. 'माझी स्मरणशक्ती गेली' असं म्हणणाऱ्या पुष्कळांचा खरा त्रास हा असतो. पाटी शाबूत असते, पण दार सताड उघडं असतं.

मग मुंबईतली जी माणसं रोज शेकड्यांनी जागा सांभाळतात, त्यांची पाटी मोठी असते का? डबेवाल्यांचं उदाहरण घेऊ. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था. पुणे जिल्ह्याच्या खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव भागांतून आलेली माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्यांची संख्या बरीच घटली, पण पद्धत तीच आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या घराघरातून डबे गोळा होतात, स्टेशनवर त्यांची वाटणी होते, मग गाडीने ते फोर्ट-चर्चगेटकडे जातात. डब्याच्या झाकणावर खुणा असतात. उतरायच्या भागाचा ठळक आकडा, पोचवणाऱ्या माणसाची, इमारतीची आणि मजल्याची खूण, आणि डबा कुठल्या स्टेशनावरून आला हे सांगणारा रंग किंवा आकार. सगळे या खुणांचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते झाकणावर जे लिहिलेलं नसतं त्याचं. ज्या घरातून डबा उचलला त्या घराचा पत्ता तिथे नसतो!

दुपारी रिकामा डबा उलट प्रवास करून उपनगरात येतो, तेव्हा तो कुठल्या गल्लीत, कुठल्या जिन्याने, कितव्या दाराशी ठेवायचा हे त्या भागातल्या डबेवाल्याच्या डोक्यात असतं. वर्षानुवर्षं तीच गल्ली, तीच वीस-तीस घरं. घरोघरीच्या पिशवीचा रंग आणि आकार वेगळा असतो, तोही त्याच्या उपयोगी पडतो. आता आपल्या तीन-चारच्या हिशेबात हे बसवून पाहा. तीस घरं कामापुरत्या पाटीवर कुणाच्याच मावणार नाहीत, आणि त्याने ती तिथे ठेवलेलीही नाहीत. जी माहिती चार वेगळ्या माणसांच्या हातून जायची आहे ती झाकणावर लिहून टाकली. जी एकाच माणसाकडे राहायची आहे ती कायमच्या नकाशात नेऊन ठेवली. पाटीवर उरलं काय, तर आजचं वेगळेपण तेवढं. अमक्या घरी आज डबा नाही, तमक्यांनी खालच्या मजल्यावर ठेवायला सांगितला आहे. दोन-तीन गोष्टी. पाटी जवळजवळ कोरी ठेवण्याची ही युक्ती आहे.

कायमचा नकाशा मेंदूत दुसरीकडे असतो. कानाच्या आतल्या बाजूला, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग आहे. १९७१ साली जॉन ओकीफ यांनी उंदरांमध्ये दाखवलं, की तिथल्या ठरावीक पेशी प्राणी ठरावीक जागी आला की चालू होतात. २००५ साली नॉर्वेतल्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांना त्याच्या शेजारच्या भागात आलेखाच्या कागदासारखी जाळी आखणाऱ्या पेशी सापडल्या. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. भारतातही हे काम चालतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सचिन देशमुख याच भागातल्या पेशींवर संशोधन करतात. भोवतालच्या वस्तूंचा, म्हणजे आपल्या भाषेत 'पिंपळाजवळ', 'बँकेसमोर' अशा खुणांचा जागेच्या नकाशाशी काय संबंध असतो, हा त्यांच्या कामातला एक विषय.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. परवान्यासाठी त्यांना चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली अशा १६ टॅक्सीवाल्यांचा हिप्पोकॅम्पस मोजला. मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, पुढचा थोडा लहान. मुळातच मोठा असलेली माणसं या धंद्यात येतात का, ही शंका २०११ मध्ये बऱ्याच अंशी मिटली. शिकाऊ ७९ जणांपैकी ३९ जण परीक्षा पास झाले, आणि वाढ फक्त त्या पास झालेल्यांत दिसली. बसचे चालक दिवसभर गाडी चालवतात, पण मार्ग ठरलेला असतो; त्यांच्यात ती वाढ नव्हती. आपल्याकडे अशी मोजणी रिक्षावाल्यांची करायला हवी. मुंबईत रिक्षाला वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला परवानगी नाही, त्यामुळे त्यांचा नकाशा निव्वळ उपनगरांचा असतो, आणि तो रस्त्यांच्या नावांनी नव्हे तर खुणांनी भरलेला असतो.

पाटी आणि नकाशा यांची देवाणघेवाण अंधेरीकरांनी अलीकडेच अनुभवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोखले पूल बंद झाला. पूर्वेकडून पश्चिमेला जाण्याची वीस-तीस वर्षांची सवय एका दिवसात निरुपयोगी ठरली. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वळणावर विचार करावा लागत होता. इथून आत, तिथे डावीकडे, आणि गप्पा मारत गेलं की हमखास जुन्या वाटेला लागणं. हे सगळं कपाळामागच्या भागाचं काम. महिन्याभरात तेच वळण पाय आपोआप घेऊ लागले. सराव झालेल्या कामात मेंदूच्या या पुढच्या भागाची धावपळ कमी होते, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुलाची एक बाजू आणि मे २०२५ मध्ये दुसरी सुरू झाली, तेव्हा कित्येकजण नव्या सवयीने लांबच्याच वाटेने जात राहिले.

इथे एक प्रश्न हमखास येतो. खेळ खेळून पाटी मोठी करता येते का? स्वीडनमध्ये टोर्केल क्लिंगबर्ग यांच्या गटाने २००४ साली पाच आठवड्यांच्या सरावानंतर मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या भागांची हालचाल वाढलेली दाखवली, आणि त्यावर जगभर बाजार उभा राहिला. पुढे शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर निष्पन्न झालं ते साधं आहे. जो खेळ खेळाल त्यात तरबेज व्हाल. गणितात, अभ्यासात किंवा किल्ल्या शोधण्यात त्याचा फायदा झाल्याचा भक्कम पुरावा नाही. अमेरिकेत २०१६ साली अशा खेळांच्या एका मोठ्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल वीस लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे उपनगरांत सुट्टीत मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधून मेंदू 'जागृत' करणारे वर्ग निघतात, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. त्या फीमध्ये मुलाला पोहायला शिकवून होईल.

आता वयाकडे येतो. पॅट्रिशिया रॉयटर-लोरेन्झ यांनी २००० साली तरुण आणि वृद्धांच्या मेंदूंची तुलना केली. जागा लक्षात ठेवताना तरुणांच्या मेंदूचा पुढचा भाग मुख्यतः उजव्या बाजूला कामाला लागत होता. वृद्धांच्या मेंदूत दोन्ही बाजू कामाला लागल्या. तेच काम, पण मदतीला शेजाऱ्याला बोलावून. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की सोप्या कामातच वृद्धांचा मेंदू जास्त जोर लावतो. त्यामुळे काम अवघड झालं, की वाढवायला जोर उरलेला नसतो. म्हणून आजी शांत घरात अगदी व्यवस्थित असतात आणि लग्नाच्या हॉलमध्ये गोंधळतात. त्यात ढोंगही नाही आणि आजारही नाही.

२०११ साली येलच्याच मिन वांग आणि एमी आर्न्स्टन यांनी म्हाताऱ्या माकडांच्या त्याच टिकटिकणाऱ्या पेशी तपासल्या. ठिपका दिसतानाची टिकटिक फारशी बिघडलेली नव्हती. ठिपका विझल्यानंतरची मंदावली होती. दिसणं शाबूत, धरून ठेवणं अशक्त. पण पेशी मेलेल्या नव्हत्या. त्यांच्याभोवतालचं रसायन काही औषधांनी बदललं, तेव्हा त्या पुन्हा जोमाने चालू लागल्या. यावरून लगेच गोळी मागायला जाऊ नये. मात्र वयाने पाटी पुसट होणं आणि मेंदूचा भाग नष्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्वच्छ कळतं.

अल्झायमर हा दुसऱ्या जातीचा आहे. त्याची पडझड बहुधा हिप्पोकॅम्पसच्या शेजारी, मोसर दांपत्याला जिथे जाळीच्या पेशी सापडल्या, त्याच भागात आधी सुरू होते. म्हणजे घाव पाटीच्या आधी नकाशावर पडतो. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. शंभरात सातांहून थोडे अधिक. त्यातले किती जण 'वय झालं' म्हणून घरात बसून राहत असतील!

फरक ओळखायचा कसा? स्वयंपाकघरात जाऊन 'मी कशाला आले होते' असं होणं, चष्मा ठेवलेली जागा न आठवणं, बाजारात गर्दीत चारातली एक वस्तू राहून जाणं, ही पाटीची तक्रार आहे. चाळीस वर्षांच्या तरुणालाही, झोप कमी झाली किंवा डोक्यावर ताण असला, की हे होतं. चिठ्ठी करावी, चष्म्याची जागा ठरवावी. डबेवाले झाकणावर खुणा करतात, आपण का लाजायचं? पण वीस वर्षं ज्या वाटेने देवळात गेलो त्या वाटेवर उभं राहून घर कुठल्या बाजूला हे न कळणं, आणि हे पुन्हा पुन्हा होणं, ही नकाशाची तक्रार आहे. ती डॉक्टरांकडे न्यायची.

उपनगरांत यात एक गुंता झाला आहे, तो इथे सांगायलाच हवा. सोसायट्यांचा पुनर्विकास चालला आहे. सत्तरीतल्या माणसाला तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जावं लागतं, परत येतो तेव्हा चार मजल्यांच्या जागी वीस मजले असतात, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला गेलेला असतो, पिंपळ गेलेला असतो, गल्लीच्या तोंडाशी मेट्रोचा खांब उभा असतो. बाबा गोंधळले, तर बाबांचा नकाशा बिघडला की गल्लीच बदलली? नव्या जागी पहिले काही आठवडे वाट चुकणं अपेक्षितच आहे. त्या काळात रोज एकाच वेळी, एकाच वाटेने, घरच्या कुणासोबत फिरवून आणावं. दोन-तीन महिन्यांनीही नवी वाट मुळीच बसली नाही, किंवा न बदललेल्या जुन्या जागीही चुकायला होऊ लागलं, तर थांबू नये.

तपासणीत डॉक्टर ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघतील. शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता बरीच आढळते आणि ती भरून काढता येते. ऐकू कमी येणं, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या यांनीही असाच गोंधळ होतो. जाताना 'हल्ली फार विसरतात' एवढंच सांगू नका. कुठली वाट चुकले, ती किती वर्षांच्या ओळखीची होती, गर्दी होती की नव्हती, एकटे होते का, स्वतः परत आले की कुणी आणून सोडलं, हे तारखेसह एका कागदावर लिहून न्या. कुणाला दाखवावं हे सुचत नसेल, तर ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिथे विचारता येतं.